घरचा सवयींचा तक्ता शाळेच्या ग्रुपवर कशाला?

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांना चांगल्या सवयी लावणाऱ्या मोबाइल ॲपांवर एक लेख आला होता. तो आमच्या भागातल्या एका शाळेच्या पालक-ग्रुपवर लगेच फिरला आणि पाठोपाठ सूचना आली: पालकांनी एक ठरावीक ॲप डाउनलोड करावं, मुलाच्या रोजच्या सवयींवर टिक करावी आणि रात्री नऊच्या आत स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा. आता रोज रात्री कुणाच्या पोराला किती गुण याची यादी लागते. कुणी दात घासले नाहीत, कुणाचा गृहपाठ राहिला, कोण दहानंतर झोपलं, हे सगळ्या गावाला कळतं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन एकच आहे आणि तो बाप शेतात घेऊन गेलेला असतो, त्यांची मुलं यादीत रोज शून्यावर.

मी पाचोऱ्यात घरी बसून वेबसाइटी बनवते. गिऱ्हाईक म्हणजे जिनिंगवाले, रावेर-यावलचे केळीचे व्यापारी, एखादा दवाखाना, लग्नसराईत मंगल कार्यालयं. घरी सासू-सासरे, धाकटे दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि दोन्ही जोडप्यांची मिळून चार मुलं. या घरासाठी मी सवयींचा एक तक्ता वेबवर तयार केला. तो आता शेजारपाजारच्या आणि नात्यातल्या काही घरांतही चालतो. विकायचा नाही म्हणून नावही सांगत नाही. ही जाहिरात समजू नये. पण तो बनवताना जे प्रश्न सोडवावे लागले त्यातला एकही पुरवणीच्या लेखात नव्हता आणि शाळेने ॲप निवडतानाही कुणी विचारलेला दिसत नाही.

आधी त्या लेखातल्या चौकटीबद्दल. ‘२१ दिवसांत सवय लागते’ असं आपण ठळक छापलं होतं. हा २१ चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून आला. चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा हात-पाय गमावलेल्या रुग्णांना बदललेलं शरीर अंगवळणी पडायला किमान २१ दिवस तरी जातात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे सांगणाऱ्यांनी ‘किमान’ गाळलं, रुग्णही गाळले आणि नुसता आकडा उरला. प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. ९६ जणांनी १२ आठवडे रोज एक साधी गोष्ट करायची होती, जसं दुपारच्या जेवणासोबत फळ खाणं किंवा रात्रीच्या जेवणाआधी थोडं धावणं. २०१० मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधात ती गोष्ट आपोआप होऊ लागण्याचा मध्यक ६६ दिवस निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी दिवस लागले आणि निम्म्यांना जास्त. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा अंदाज थेट २५४ दिवसांपर्यंत गेला. ही सगळी मोठी माणसं होती, तेव्हा ६६ हा आकडाही मुलांच्या डोक्यावर मारू नये. मला त्यातली दुसरीच गोष्ट कामाची वाटली. मधे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता.

आणि बाजारातली बहुतेक ॲपं उभी आहेत ती नेमकी न चुकण्यावर. सलग किती दिवस झाले त्याची साखळी, तिच्याशेजारी आगीचं चित्र, एक दिवस हुकला की आकडा पुन्हा शून्य. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोत ही साखळी वाचवायला वेगळं ‘फ्रीझ’ मिळतं आणि ते त्यांच्याच आभासी रत्नांनी विकत घ्यावं लागतं. म्हणजे तुटण्याची भीती आधी तयार करायची आणि मग तिच्यावर औषध विकायचं. धंदा म्हणून हुशारी आहे, माझी काही तक्रार नाही. पण आठ वर्षांच्या पोराला ताप आला, तो तीन दिवस अंथरुणात पडला आणि उठल्यावर पहिली गोष्ट काय पाहतो, तर त्याच्या नावापुढे शून्य.

आमच्या तक्त्यात साखळी नाही. आठवड्याचे सात ठिपके आहेत. भरले तेवढे भरले. मागच्या आठवड्याचं पान उलटलं की संपलं. शिवाय पूर्ण घरासाठी एक ‘सुट्टी’चं बटण आहे. खानदेशात राहणाऱ्याला ते का लागतं हे सांगायला नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात, मुलं कधी जेवतात नि कधी झोपतात याचा पत्ता नसतो. कानबाई देवीच्या उत्सवाच्या वेळी अख्खं भाऊबंद एका घरी गोळा होतं. कापूस वेचणीला मजूर मिळेनासे झाले की शाळा सुटल्यावर पोरंही शेतात दिसतात. घरात सुतक असतं. अशा दिवसांना ‘केलं नाही’ म्हणायचं की ‘केलं’? दोन्ही खोटं. म्हणून प्रत्येक दिवसाला तिसरी अवस्था दिली: सुट्टी. तो ठिपका करडा होतो आणि कुठल्याच हिशोबात धरला जात नाही. प्रोग्राममध्ये हे करायला जेमतेम दुपार गेली. तरीही मी पाहिलेल्या ॲपांत हे क्वचितच दिसलं.

यापुढे गुण आणि नाणी. शाळेने निवडलेल्या ॲपात दर टिकेला नाणं मिळतं आणि नाण्यांवर चित्रातल्या प्राण्याला टोपी घेता येते. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग शिक्षणशास्त्रात आजही शिकवतात. मुळातच चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता शेवटी तेच पत्र दिलं. काहींना काहीही दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगीत पेनं पुन्हा समोर ठेवली, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मन मात्र उडालं नव्हतं.

याचा अर्थ पोराला कधी काही देऊच नये असा नाही. ज्या कामाची मुळातच गोडी नाही त्याला थोडी लाच चालते, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. पण मूल आवडीने गोष्टीची पुस्तकं वाचत असेल आणि ॲपने ‘रोज १० पानं = ५ नाणी’ असं सुरू केलं, तर असलेली आवडच घालवण्याचा तो उत्तम मार्ग. शिवाय नाणी आली की अफरातफर आली. माझा पुतण्या एका तयार ॲपात ‘पाणी प्यायलो’चे आठही ग्लास रात्री झोपताना एका दमात भरायचा. ग्लास आठ, नाणी आठ, पोटात पाणी दोन ग्लास. जाऊबाईंनी विचारलं तर म्हणाला, ॲप कुठे बघतं? बरोबर बोलला.

एक गोष्ट तयार ॲपांपेक्षा वेगळी ठेवली आणि तिचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. नवी सवय लिहिताना आमचा फॉर्म पहिल्यांदा ‘कशानंतर?’ असं विचारतो आणि नंतर ‘काय?’. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये यावर लिहिलं होतं की ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं नेमकं ठरवलेलं काम नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पार पडतं. म्हणून आमच्याकडे ‘स्वच्छता’ अशी सवय लिहिताच येत नाही. ‘शाळेतून आल्यावर — डबा मोरीत ठेवणे.’ ‘संध्याकाळी दिवा लावल्यावर — दप्तर भरणे.’ ‘जेवण झाल्यावर — ताट उचलणे.’ घड्याळाची वेळ लिहायला जागाच नाही, कारण आमच्या घरी घड्याळाप्रमाणे फक्त आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, आकाशवाणीच्या बातम्या लागतात.

एका माणसाला एका वेळी तीनच सवयी. चौथी लिहायला गेलं की फॉर्म म्हणतो, आधी एक काढा. जाऊबाईंनी मुलासाठी अकरा लिहून आणल्या होत्या, संस्कृत श्लोकांसकट. जरा रुसल्या. आणि एखादी गोष्ट सांगितल्याशिवाय होऊ लागली की तिच्यापुढे ‘लागली’ असं दाबायचं. ती ओळ तक्त्यावरून जाते. तयार ॲपांना हे परवडत नाही, कारण सवय लागलेलं मूल ॲप उघडत नाही.

आता तारखेची गंमत. गंमत म्हणते, पण जिच्याबाबतीत झाली ती मुलगी रडली होती. आमच्या शेजारची पोर पाचवीत आहे, नवोदयच्या परीक्षेची तयारी करते, पहाटे पाचला उठते. तिच्या आईने शाळेने सांगितलेलं ॲप घेतलं, त्यात ‘लवकर उठणे’ ही सवय. पोर पाच वाजून दहा मिनिटांनी टिक करायची आणि रात्री पाहिलं तर आजचा दिवस रिकामा. आई म्हणायची तू टिक केलीच नाहीस. ही म्हणायची, केली. शेवटी दोघी फोन घेऊन माझ्याकडे आल्या. झालं होतं असं: ॲप बनवणाऱ्याने तारीख जागतिक प्रमाणवेळेतून घेतलेली. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत तारीख लिहून ठेवण्याची एक सोपी आज्ञा आहे, ती सरळ जागतिक वेळ देते. भारत त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. म्हणून आपल्याकडे पहाटे ५.१० वाजलेले असतात तेव्हा तिकडे आदल्या दिवशीच्या रात्रीचे ११.४०. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत केलेली प्रत्येक टिक आदल्या दिवसाच्या खात्यात. लवकर उठायला शिकवणारं ॲप, पण साडेपाचच्या आत उठणाऱ्याला गैरहजर धरणारं. त्याची चाचणी घेणारे आठला उठत असावेत.

हे दुरुस्त करायला तारीख फोनच्या स्थानिक वेळेतून घ्यायची, एवढंच. पण त्यातून दुसरा प्रश्न निघाला: दिवस संपतो कधी? आमच्या शिवारात शेतीच्या पंपाला कधी दिवसा लाइट असते, कधी रात्री. रात्रीची असली की दीर केळीला पाणी द्यायला जातात आणि दीड-दोनला परततात. त्यांची ‘झोपण्याआधी बीपीची गोळी’ त्या वेळी घेतली जाते. तारीख बदललेली असते, पण त्यांच्यासाठी तो कालचाच दिवस असतो, अजून पाठ टेकलेली नसते. मध्यरात्री दिवस बदलला तर एका दिवशी गोळी नाही आणि दुसऱ्या दिवशी दोनदा, असं दिसायचं. औषधाच्या बाबतीत असली गफलत चालत नाही. म्हणून आमच्या तक्त्यात दिवस पहाटे तीनला बदलतो. ज्या घरी कुणी तीन-साडेतीनलाच दूध काढायला उठतं तिथे ही वेळ बदलता येते. पुण्यात बसून हे सुचलं नसतं. मी तिथे नोकरीला होते, तेव्हा माझाही दिवस बाराला संपायचा.

प्ले स्टोअरवरचं ॲप न करता वेबपान का केलं, असं मला विचारतात. घरोघरी फोनमध्ये जागाच नसते. ‘शुभ सकाळ’ची फुलं आणि लग्नांचे व्हिडिओ यांनी ती भरलेली असते. वेबपानाला फक्त दुवा लागतो आणि बऱ्यापैकी जुना अँड्रॉइडही ते उघडतो. एकदा उघडलं की पानाचा सांगाडा फोनमध्येच साठतो, टिकाही आधी फोनमधल्या साठ्यात जातात आणि रेंज आली की सर्व्हरवर पोचतात. गावातला टॉवर लाइटीबरोबर गेला तरी टिक अडत नाही. दोन फोनवरून एकाच सवयीला टिक झाली तर? माणूस, सवय आणि दिवस या तिघांची मिळून एकच नोंद होते, दुसरी टिक त्याच नोंदीवर बसते. सुरतला माझी नणंद असते, तिच्या आयफोनवर वेगळा घोळ होता. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये वापराच्या सात दिवसांत एखाद्या साइटला हात लागला नाही तर त्या साइटने फोनमध्ये साठवलेलं पुसलं जातं. पान ‘होम स्क्रीन’वर घेऊन ठेवलं की हा नियम लागत नाही, तिला तसं करून दिलं.

आणि मुलाच्या हातात फोन द्यावा लागत नाही. दिरांचा जुना, काचेला तडा गेलेला फोन, सिमकार्ड काढून, स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवला आहे. जाता-येता बोट लावायचं. त्यात दुसरं काहीच उघडत नाही. तो वाजत नाही, आठवण करून देत नाही. आठवण करून द्यायला घरात पुरेशी माणसं आहेत.

सासूबाईंना वाचता येत नाही. पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘हाई मोबाइल माले कसाले इचारस?’ त्यांच्या ओळींत अक्षरांऐवजी चित्रं ठेवली: तांब्या, गोळी, तुळशीवृंदावन. बटणं बोटाच्या पेरापेक्षा मोठी. लाल-हिरव्यावर काही अवलंबून ठेवलं नाही, कारण ज्यांना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत अशी माणसं, विशेषतः पुरुष, बरीच असतात; केलेल्या ठिपक्यात खूण असते, न केलेला पोकळ असतो. वेबवरच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा फरक असावा असं म्हटलंय. हल्लीची फॅशन फिक्या करड्यावर करडी अक्षरं काढण्याची आहे. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या अंगणात ती वाचून दाखवावीत.

आता मूळ मुद्दा. शाळेने घेतलेल्या ॲपात आणि आमच्या तक्त्यात सगळ्यात मोठा फरक असा की त्यांच्यात फक्त मुलांच्या ओळी आहेत. पालक तिथे ‘तपासणारा’ आहे. पालकाच्या फोनवर ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ अशी बटणं येतात. आमच्याकडे घरातल्या सगळ्यांच्याच ओळी आहेत आणि ज्याची ओळ, त्याचीच टिक. आबांची ‘चहा झाल्यावर — अंगणात चार फेऱ्या’. आमच्या ह्यांची ‘जेवायला बसल्यावर — फोन कपाटावर’. दिरांनी स्वतःहून तंबाखूबद्दल लिहिलं. काय लिहिलं ते इथे सांगत नाही, त्यांची परवानगी घेतलेली नाही. माझी ‘रात्री नऊनंतर — लॅपटॉप बंद’, आणि घरातले सर्वांत जास्त पोकळ ठिपके माझ्याच ओळीत असतात. पोरांना ते फार आवडतं. धाकटी रोज संध्याकाळी माझ्या ओळीसमोर उभी राहते आणि काही बोलत नाही, नुसती बघते.

पण एवढं केल्यावर जे दिसलं ते मला कुठल्याही ॲपच्या जाहिरातीत वाचायला मिळालं नाही. मुलं खोट्या टिका करेनाशी झाली. बाप स्वतःचा ठिपका पोकळ ठेवून सगळ्यांसमोर जेवायला बसतो, तेव्हा पोरालाही पोकळ ठिपक्याची लाज वाटत नाही. जिथे मंजूर-नामंजूर असतं तिथे पोरगं सवय शिकत नाही, तपासणारा कधी बघतो आणि कधी बघत नाही एवढं शिकतं. पुतण्याचे आठ ग्लास मी वर सांगितलेच.

मोठ्या मुलांसाठी अजून एक सोय आहे. पुतणी दहावीत आहे. तिने विचारलं, माझी ओळ मलाच दिसेल असं करता येईल का? केलं. आता तक्त्यावर तिच्या नावापुढे फक्त कुलपाचं चित्र आहे. आत काय आहे ते मला, सर्व्हर माझा असूनही, वाचता येत नाही. तिच्या पिनशिवाय ते उलगडत नाही. जाऊबाईंना हे अजून पटलेलं नाही. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या शरीराच्या आणि मनाच्या सगळ्याच नोंदी स्वयंपाकघराच्या दाराशी टांगायच्या नसतात, असं माझं मत आहे.

मग त्या पालक-ग्रुपवर कशाला टांगायच्या? ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३’ हा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो. त्याच्या कलम ९ प्रमाणे बालकाची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती लागते आणि बालकांचा माग ठेवणं, त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यांना मनाई आहे. या बाबतीतल्या चुकीला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांचा अवधी दिला आहे. एखाद्या व्यक्तीने आपल्या घरगुती कामासाठी ठेवलेल्या नोंदींना हा कायदा लागत नाही. आईने वहीत लिहिलं तर कुणी विचारणार नाही. शाळांनाही शैक्षणिक उपक्रमांपुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती नियमांत सवलत आहे. पण पोरगं घरी किती वाजता झोपलं आणि त्याने भेंडीची भाजी खाल्ली का, हा कुठला शैक्षणिक उपक्रम, हे शाळेने पालकांना समजावून सांगावं. त्यातून ज्या कंपनीचं ॲप आहे तिच्याकडे ही माहिती किती वर्षं राहते, कुणाला दिली जाते, मागितल्यावर खरोखर पुसली जाते का, यातलं काहीही ग्रुपवरच्या सूचनेत नव्हतं. संमती म्हणून काय घेतलं, तर ‘सर्वांनी थम्सअप करा’.

माझ्या सर्व्हरवर टोपणनावं आहेत. जन्मतारीख नाही, शाळेचं नाव नाही, फोटो नाही, ठिकाण नाही. तीन महिन्यांपूर्वीच्या नोंदी आपोआप जातात. कुणाच्या लेकराने तिसरीत किती वेळा नखं कापली हे कुणालाच आयुष्यभर लागत नाही. नको असलेली माहिती न साठवणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे, त्याला कोडची एक ओळही लागत नाही. तरी घेणारे फॉर्मात मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, जन्मतारीख, वडिलांचा मोबाइल, असं सगळं मागतात आणि आपण भरतो.

शाळेच्या मुख्याध्यापकांना मी हे तोंडी सांगितलं. ते म्हणाले, हेतू चांगला आहे. हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांनी स्क्रीनशॉटची सूचना मागे घ्यावी, यादी बंद करावी आणि ज्यांना ॲप हवं त्यांनी ते घरापुरतं ठेवावं, एवढीच विनंती आहे. शिक्षकांना मुलांच्या सवयींत लक्ष घालायचंच असेल तर वर्गाचा एक तक्ता वर्गात लावावा: खडू-डस्टर जागेवर, माठ भरलेला, पादत्राणं रांगेत. त्यात मुलांची नावं नकोत, पूर्ण वर्गाचा एकच ठिपका असावा. आणि सरांची स्वतःची एक ओळ.

आपल्यालाही एक विनंती. पुढच्या वेळी या विषयाला पुरवणीचं पान द्याल तेव्हा अर्ध्या पानावर कोरा तक्ता छापा. ज्यांच्या घरी फोन एकच आहे त्यांना तो कापून भिंतीला चिकटवता येईल. खळ आणि पेन्सिल सगळ्यांकडे असते. सात रकाने, माणशी तीन ओळी, ‘कशानंतर’ आधी आणि ‘काय’ नंतर. वरच्या ओळी आईवडिलांच्या ठेवा, मुलांच्या खाली. सुट्टीच्या दिवसावर आडवी रेघ मारायची, एवढी सूचना तळाशी द्यावी. २१ चा आकडा मात्र कुठेच छापू नये. मांडणी करून हवी असेल तर मी फुकट पाठवते, फक्त आपल्या रकान्याची रुंदी कळवावी.

आपली,
एक वाचक,
पाचोरा, जि. जळगाव